नॉर्वेतील फिरती शाळा व शिक्षकाचा मुक्काम

शिक्षणाच्या इतिहासात कायदे, इमारती व अभ्यासक्रम यांची नोंद सविस्तर आढळते. शिक्षक कोठे राहिला व कोठे जेवला, याचा विचार क्वचितच होतो. नॉर्वेतील ग्रामीण शाळेचा इतिहास मात्र या प्रश्नावाचून समजत नाही.

१७३६ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राज्यात ‘कन्फर्मेशन’ हा ख्रिस्ती धर्मविधी सर्वांना सक्तीचा झाला व त्याच्या पूर्वतयारीसाठी मुलांना वाचन शिकविणे ओघानेच आले. १७३९ च्या राजाज्ञेने खेड्यापाड्यांत शाळा काढण्याचे ठरले. परंतु फ्योर्डांच्या काठी व डोंगरउतारांवर विखुरलेल्या वस्त्यांना शाळागृहाचा खर्च झेपेना. १७४१ मध्ये बराचसा निर्णय स्थानिक लोकांवर सोपविण्यात आला. परिणामी पुष्कळ ठिकाणी इमारत उभी न राहता शिक्षकच घरोघर फिरू लागला. या शाळेस ‘ओमगांग्सस्कूले’ म्हणत. ‘ओमगांग’ म्हणजे फेरी किंवा पाळी. ज्या घराची पाळी असे, तेथेच शिक्षकाचे जेवण व निजणे होई, आणि आसपासची मुलेही तेथेच जमत. आपल्याकडील वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्याचे येथे स्मरण होते. भेद इतकाच की, येथे पाळीने जेवणारा गुरू होता आणि त्याच्याबरोबर शाळाही घर बदलीत असे.

या मुक्कामास भाषिक अंगही होते. पोंटोपिडानची १७३७ ची धर्मप्रश्नोत्तरी डॅनिश भाषेत होती. घरात चाले ती स्थानिक बोली. एकाच छपराखाली शिक्षक या दोहोंच्या मध्ये बसलेला असे. बोलींचा थोर अभ्यासक ईवार ओसेन (१८१३–१८९६) हा १८३१ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, अशाच शाळेचा शिक्षक झाला. पुढे देशभर हिंडून त्याने १८४८ मध्ये लोकभाषेचे व्याकरण व १८५० मध्ये कोश प्रसिद्ध केला. या कार्याचे सर्व श्रेय फिरत्या शाळेस देणे अतिशयोक्तीचे होईल. शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या ओसेनला बोली परकी नव्हतीच. तथापि पुस्तकी व घरगुती भाषेतील अंतर शिकविणाऱ्याच्या बाजूने अनुभवण्याचा प्रसंग त्यास येथे आला, असे मानण्यास हरकत नाही.

१८६० च्या कायद्याने ग्रामीण भागात स्थिर शाळांचा पुरस्कार केला. शिक्षकाची परवड त्यामुळे कमी झाली, हे इष्टच होते. परंतु फिरत्या शाळेला केवळ दारिद्र्याची खूण मानणे अपुरे ठरेल. शाळा व घर यांच्यामध्ये तेथे भिंत नव्हती. म्हणूनच शाळेची भाषा घराची नाही, हे तेथे लपून राहणे शक्य नव्हते.