औंधची घटना : लहान राज्य, मोठा प्रश्न



राज्य लहान असावें कीं मोठें, हा प्रश्न अठराव्या शतकांतील युरोपीय विचारवंतांपुढें वारंवार उभा राही. माँतेस्क्यूनें १७४८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, प्रजासत्ताक लहान प्रदेशांतच नीट नांदतें. कारण तेथें सार्वजनिक हित प्रत्येकास डोळ्यांनीं दिसतें. मात्र तेंच लहान राज्य परक्या बळापुढें टिकत नाहीं. रूसोनें १७६५ सालीं कॉर्सिका बेटासाठीं घटना लिहावयास घेतली. ती अपुरी राहिली, आणि १७६९ सालीं फ्रान्सनें तें बेट जिंकलें.

असाच एक प्रयोग आपल्या महाराष्ट्रांत झाला. औंध संस्थान बहात्तर गांवांचें, तेंहि सलग नव्हे. सातारा-विजापूरकडे तुकड्यातुकड्यांनीं विखुरलेलें. राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं नोव्हेंबर १९३८ मध्यें सत्ता प्रजेच्या हातीं देण्याचें जाहीर केलें, व जानेवारी १९३९ मध्यें घटना अमलांत आली. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत व पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन यांनीं गांधीजींच्या सल्ल्यानें तिची आंखणी केली. गांवानें पांच पंच निवडावे, पंचायतींच्या प्रमुखांची तालुका-समिति व्हावी, आणि तालुक्यांनीं विधिमंडळांत प्रतिनिधि धाडावे, अशी ती पायापासून वर चढणारी रचना होती.

राजानें दिलेली देणगी ती लोकसत्ता कशी, अशी शंका कोणी घेईल. ती रास्तच आहे. दिलेलें परत घेतां येतें. पण गांवचे तंटे गांवच्या पंचांपुढें सुटूं लागले, कीं कारभाराची सवय लोकांच्या अंगीं मुरते, व ती सवय परत मागतां येत नाहीं. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथें तर कैद्यांची भिंतीवांचून वसाहत उभी राहिली. ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ सालच्या बोलपटाची कल्पना तिच्यावरूनच निघाली.

८ मार्च १९४८ रोजीं औंध मुंबई प्रांतांत विलीन झालें व ती घटना संपली. कॉर्सिका शत्रूनें गिळली. औंध स्वराज्यांत सुखानें सामावलें. तरी कांहीं गमावलेंच. औंधच्या घटनेचा आरंभच ज्या गांवपंचायतीपासून होता, तिला देशाच्या घटनेंत बंधनकारक स्थान मिळण्यास १९९३ साल उजाडावें लागलें.

आमच्या शिर्डीसारख्या ठिकाणीं गांवकऱ्यांहून पाहुणेच अधिक. तेथें रस्ता, पाणी नि बाजार कोणाच्या विचारानें चालावा, हा प्रश्न रोजचाच. त्याचें उत्तर कलमांत शोधण्याआधीं, सभेची सूचना लागली म्हणजे आपण तेथें जाऊन बसतों कीं नाहीं, हें प्रत्येकानें स्वतःशीं पाहावें.