जुना लॅपटॉप मंदावणे : निदान व दुरुस्ती

काही वर्षांच्या वापरानंतर लॅपटॉप सुरू व्हायला पाच-पाच मिनिटे लागतात, ब्राउझर उघडताना पडदा गोठतो, दाबलेल्या कळांची अक्षरे उशिरा उमटतात. व्यवहारात याला ‘लॅपटॉप स्लो झाला’ किंवा ‘हँग होतो’ असे म्हणतात. दोष सहसा प्रोसेसरच्या वयाचा नसतो. प्रोसेसरला माहिती पुरवणारी डिस्क मागे पडते, रॅम अपुरी ठरते किंवा उष्णतेमुळे प्रोसेसर स्वतःच आपली गती उतरवतो. यांपैकी नेमके काय घडते आहे हे आधी ठरवले तर दुरुस्ती स्वस्तात होते. ही नोंद मुख्यतः २०१२ ते २०१७ या काळातील, फिरती हार्ड डिस्क असलेल्या विंडोज लॅपटॉपांविषयी आहे. विद्यार्थ्यांच्या हाती आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत या पिढीची यंत्रे अजून बरीच दिसतात, आणि त्यांतली पुष्कळशी टाकून देण्याच्या लायकीची नसतात.

निदानाचे पहिले साधन लॅपटॉपमध्येच असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. लॅपटॉप सुरू केल्यावर दुसरे काही न उघडता त्यातले परफॉर्मन्सचे पान पाहावे. डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर खिळलेला, पण प्रत्यक्ष वाचन-लेखन सेकंदाला जेमतेम एक-दोन मेगाबाइट, असे चित्र दिसले तर अडथळा डिस्कचा आहे. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेरीस सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते, शिवाय डोके योग्य कक्षेवर सरकायला वेळ जातो तो वेगळा. त्यामुळे विखुरलेल्या छोट्या फाइली वाचताना अशी डिस्क सेकंदाला शंभराच्या आतच विनंत्या पुऱ्या करते. विंडोज सुरू होताना, अपडेट चालू असताना किंवा अँटिव्हायरस तपासणी करत असताना अशा विनंत्या हजारोंनी येतात आणि रांग लागते. एसएसडीत फिरणारा भागच नसल्याने तीच विनंती साधारण दशांश मिलिसेकंदात पुरी होते. म्हणूनच या पिढीच्या लॅपटॉपवर करण्याजोगा पहिला खर्च एसएसडीचाच.

त्याआधी जुन्या डिस्कची प्रकृती पाहणे अत्यावश्यक आहे. प्रत्येक डिस्क स्वतःच्या बिघाडांची नोंद ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा मोफत प्रोग्रॅम ती दाखवतो. ‘रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या दोन ओळी महत्त्वाच्या. दुसऱ्या ओळीत शून्याखेरीज काही दिसले तर डिस्कवरच्या काही जागा वाचता येईनाशा झाल्या आहेत असे समजावे. अशा डिस्कवर डिफ्रॅग किंवा दीर्घ तपासणी चालवू नये, आधी फोटो व कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढून घ्यावी. दुकानात पुष्कळदा पहिला सल्ला ‘फॉरमॅट मारू’ असा मिळतो. डिस्कच दगा देत असेल तर फॉरमॅटने मालकाचा डेटा जातो आणि मंदपणा महिनाभरात परत येतो. प्रकृती न पाहता फॉरमॅट करणे ही दुरुस्ती नव्हे, आणि ग्राहकाने ती नाकारावी.

बदली सोपी असते. थिंकपॅड एक्स२३० या २०१२ च्या मॉडेलात डिस्कच्या कप्प्याचे झाकण एकाच स्क्रूने बसवलेले असते. ते काढून रबरी पट्ट्यांत धरलेली डिस्क बाहेर ओढता येते. त्यात ७ मिलिमीटर जाडीचीच डिस्क बसते. ज्या लॅपटॉपांत ९.५ मिलिमीटरची जागा असते, तिथे पातळ एसएसडीसोबत प्लॅस्टिकची चौकट लावतात. जुनी डिस्क धड असेल तर साटा-यूएसबी केबल जोडून जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत एसएसडीवर घेता येते. नसेल तर विंडोज नव्याने टाकणे बरे.

मेमरीचा आकडा सतत ८५-९० टक्क्यांवर राहत असेल तर रॅम वाढवावी. रॅम संपली की विंडोज तिच्यातला मजकूर डिस्कवरील पेजफाइलमध्ये हलवते आणि पुन्हा डिस्कचीच रांग लांबते. चार गिगाबाइटचे आठ केले की ब्राउझर वापरणाऱ्याला फरक लगेच जाणवतो. मात्र विंडोज ३२ बिटची असेल तर चारच्या पुढची रॅम तिला वापरताच येत नाही; हे न तपासता पैसे खर्च होतात. डीडीआर३ची पट्टी डीडीआर४च्या खाचेत बसत नाही. डीडीआर३मध्येही १.५ व्होल्ट आणि १.३५ व्होल्ट असे दोन प्रकार आहेत, आणि काही लॅपटॉप फक्त १.३५ व्होल्टचा प्रकार स्वीकारतात. जुन्या पट्टीवरचे लेबल वाचूनच खरेदी करावी.

सुरुवातीला नीट चालणारा लॅपटॉप अर्ध्या तासाने रखडू लागला आणि फॅन घोंघावू लागला तर उष्णतेचा संशय घ्यावा. इंटेलचे लॅपटॉपमधले प्रोसेसर साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गती कमी करून स्वतःला वाचवतात. पुष्कळदा कारण एकच निघते : फॅन आणि हीटसिंकच्या बारीक पात्यांमध्ये धुळीचा नमद्यासारखा थर साचलेला असतो. बाहेरून हवा मारल्याने तो निघत नाही, उलट आत ढकलला जातो. झाकण उघडून, फॅन सुटा करून तो काढावा लागतो. त्याच वेळी वाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी थोडीशीच लावावी. हीटसिंकचे स्क्रू त्यांच्याजवळ छापलेल्या क्रमानेच आवळावेत. नागपूरच्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांना पोहोचते. तिथे ही सफाई उन्हाळ्यापूर्वी करणे शहाणपणाचे.

लॅपटॉप थंड असूनही प्रोसेसरचा वेग १ गिगाहर्ट्झच्या खालीच अडकलेला दिसत असेल तर चार्जर तपासावा. काही कंपन्यांचे लॅपटॉप चार्जर ओळखू शकले नाहीत की वेग मुद्दाम रोखतात, आणि पिनेतली ओळखीची बारीक तार तुटली तरी तसेच घडते. टचपॅड वर उचलला जाऊन क्लिक होईनासा झाला तर बॅटरी फुगलेली असू शकते. तेव्हा वापर ताबडतोब थांबवावा, बॅटरी दाबू वा टोचू नये.

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि इंटेलच्या बाबतीत सहसा आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे यंत्र धडधाकट असूनही ही पिढी बाहेर राहते. इथे विंडोजऐवजी लिनक्स मिंट या प्रणालीची एक्सएफसीई आवृत्ती उपयोगी पडते. पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता, ती चालवून पाहता येते. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कळफलकही वापरता येतो. टॅलीसारख्या विंडोजवरच चालणाऱ्या प्रोग्रॅमवर ज्यांचे पोट आहे त्यांना मात्र हा मार्ग सुचवू नये.

ज्या स्वस्त लॅपटॉपांत ३२ गिगाबाइटची ईएमएमसी साठवण आणि रॅम दोन्ही बोर्डावर डाख दिलेली असतात, त्यांत यांतले बरेचसे उपाय लागू पडत नाहीत. असा लॅपटॉप अधिकृत ई-कचरा संकलनाकडे देण्यापूर्वी त्यातील डेटा पूर्ण पुसावा. बदललेली हार्ड डिस्क निरोगी असेल तर यूएसबी केसिंगमध्ये बसवून बॅकअपसाठी वापरता येते.