‘धुणे’ या शब्दाआड दडलेले दोष

रंटगेनला ८ नोव्हेंबर १८९५ रोजी आढळलेल्या अज्ञात किरणांना मराठीने ‘क्ष-किरण’ म्हटले. बीजगणितातील अज्ञात राशीचे आपले अक्षरच उचलल्यामुळे ही संज्ञा मूळ अर्थाला चिकटून राहिली. पुढच्या क्रियेचे नाव मात्र तितकेसे नेमके नाही. लोधिवलीत काय किंवा अन्यत्र काय, फोटो ‘काढला’ जातो आणि मग ‘धुतला’ जातो. डेव्हलपरमध्ये प्रतिमा उमटविणे, फिक्सरमध्ये ती पक्की करणे व पाण्याने धुणे या तिन्ही क्रिया त्या एका धातूत गडप होतात.

टाकीत हाताने फिल्म धुण्याच्या काळी ही संदिग्धता निरुपद्रवी नव्हती. डेव्हलपर सुमारे २० अंश सेल्सिअसला पाच मिनिटे, असा प्रमाणभूत पाठ होता. सह्याद्रीच्या पायथ्याच्या खालापूर-कर्जत पट्ट्यात वैशाखातले पाणी तीस अंशांपलीकडे सहज जाते. तेवढ्याच वेळात फिल्म काळवंडते. बर्फ थेट टाकीत टाकावा तर द्रव पातळ होऊन प्रतिमा फिकी. (तो टाकीभोवती ठेवायचा असतो!)

फिकी फिल्म पाहून दोष किरणांचा की डेव्हलपरचा, हे ओळखण्याची जुनी खूण साधी आहे. शरीराबाहेरच्या, थेट किरण पडलेल्या भागामागे बोट धरावे. ते दिसले नाही, म्हणजे पार्श्वभूमी पुरेशी काळी आहे. तेव्हा डेव्हलपर निर्दोष असून शरीरातून किरण कमी आले. बोट दिसले, तर संशय प्रथम डेव्हलपरवर घ्यावा. हस्तलिखिताच्या अभ्यासकाला ही रीत परकी वाटणार नाही: प्रमाद कोणत्या टप्प्यावर शिरला, हे तोही असेच शोधतो.

सर्वांत घातक प्रमाद मात्र डोळ्यांना दिसत नसे. किरण प्रमाणाबाहेर दिलेली फिल्म लाल दिव्याखाली लवकर काळी पडू लागे. मग ती वेळेआधीच बाहेर काढीत. प्रतिमा बऱ्यापैकी दिसे आणि रुग्णाने घेतलेल्या जादा किरणांची नोंद कोठेच राहत नसे.

१९५६ मध्ये कोडॅकचे रोलरयंत्र आले आणि वेळ व तापमान माणसाच्या नजरेतून सुटून यंत्राच्या हाती गेले. तरीही अंगणवाटा जुन्याच राहिल्या. लहान दवाखान्यांत टाक्या पुढे कित्येक वर्षे चालल्या. त्या काळच्या काही फिल्म कपाटांतून आता तपकिरी पिवळ्या होऊन निघतात. त्यांत फिक्सर उरलेला असतो. म्हणजे ‘धुणे’ या शब्दाच्या खऱ्या अर्थी त्या धुतल्याच गेल्या नव्हत्या.