पुण्याचे हौद

अठराव्या शतकाच्या आरंभी पुणे हे मुठेच्या काठचे बेताचे गाव होते. नदी, ओढे आणि आड यांवर त्याची तहान भागत असे. 1732 साली शनिवारवाडा उभा राहिला, पेठांमागून पेठा वसत गेल्या आणि कसब्याला पुरणारे पाणी पेशव्यांच्या राजधानीला पुरेनासे झाले. त्या निकडीतून बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशव्यांनी, 1750 च्या सुमारास, कात्रजच्या डोंगरपायथ्याशी तलाव बांधवून तेथून शहरापर्यंत भूमिगत नळ आणविला.

‘नळ’ म्हणताच आज लोखंडी तोटी डोळ्यांपुढे येते. कात्रजचा नळ म्हणजे माणूस आत शिरू शकेल एवढा चिरेबंदी बोगदा होता. वरच्या तलावात गाळ खाली बसावा, निवळलेले पाणी खालच्या तलावात उतरावे आणि तेथून केवळ उताराच्या बळावर शहरात यावे, अशी ही योजना. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे आणि सफाईसाठी माणूसही आत उतरे. शनिवारवाड्याचे हजारी कारंजे याच पाण्यावर उडाले. परंतु या योजनेचे खरे वैभव कारंज्यात नाही, हौदांत आहे. काळा हौद, फडके हौद, नाना हौद ही नावे पाणी आटल्यावरही पुणेकरांच्या पत्त्यांत टिकून राहिली, ती उगीच नव्हे.

हौदापर्यंत पाणी उताराने येई. हौदातून घागरीत मात्र ते जातीच्या परवानगीने येई. अस्पृश्य मानलेल्या माणसाला हौदाला हात लावता येत नसे. कोणी दयेने वरून ओतील तेवढेच त्याचे पाणी. राज्य बदलले, पेशवाई गेली, इंग्रजी अंमलाची पन्नास वर्षे उलटली, तरी हा शिरस्ता मोडला नव्हता. 1868 साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यानंतर दोनच वर्षांनी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. ‘सार्वजनिक’ या शब्दाचा इतिहास लिहिणाऱ्याने सभेच्या अर्जविनंत्या अवश्य वाचाव्यात. पण आरंभ गंज पेठेतल्या त्या हौदापासून करावा, असे वाटते. सत्यशोधक डॉ. विश्राम रामजी घोले यांनी 1877 साली बालवयात वारलेल्या आपल्या कन्येच्या, काशीबाईच्या, स्मरणार्थ बांधलेला हौदही सर्व जातींसाठी होता. लोक त्याला बाहुलीचा हौद म्हणू लागले. शोकाला लोकोपयोगी रूप देण्याची ही रीत आपल्या चरित्रवाङ्मयात फारशी नोंदली गेलेली नाही.

दरम्यान, मुठेवर खडकवासल्याला धरण उभे राहत होते. अभियंता फाइफ याचे नाव त्याच्या जलाशयाला मिळाले. 1879 पर्यंत काम पुरे झाले. लष्कराची छावणी, शहर आणि शेती या तिघांची गरज या एका बांधावर सोपविली गेली. या धरणाच्या बांधकामास साहित्य पुरविणाऱ्या कंत्राटदारांत फुले होते, आणि 1876 पासून ते पुणे नगरपालिकेचे सभासदही होते. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कालव्याच्या पाण्याविषयी आणि सरकारी अंमलदारांविषयी ते जे कडवटपणे लिहितात, त्यामागे ऐकीव माहितीपेक्षा पुष्कळ अधिक काही आहे.

पुढे घरोघर तोट्या आल्या आणि हौदांचे महत्त्व ओसरत गेले. तोटीला ओतणारा हात लागत नाही, ही तिची थोरवी; पण तोटी घेण्यास घर लागते आणि पट्टी भरण्याची ऐपत लागते. त्यामुळे हौदावरचा भेद सगळाच नाहीसा झाला असे नाही. काही अंशी तो दाराआड गेला.

12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्यात खडकवासल्याचा बांधही गेला. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली बुडाल्या आणि शहराचे नळ कोरडे पडले. तेव्हा पुणेकर पुन्हा बादल्या-घागरी घेऊन वाड्यांतल्या आडांवर आणि जुन्या हौदांवर उभे राहिले.