सार्ला
सार्ला : फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील दोर्दोन्य विभागातले मध्ययुगीन बाजाराचे गाव. शेजारचे कानेदा १९६५ मध्ये त्यात विलीन झाले. तेव्हापासून अधिकृत नाव सार्ला-ला-कानेदा. बेनेडिक्टाइन मठाभोवती वस्ती वाढली आणि १३१७ मध्ये येथे बिशपचे पीठ आले. निबंधकार मोंतेनचा जिवलग मित्र, लेखक एतिएन द ला बोएसी (१५३०–६३) येथेच जन्मला. कोरीव खिडक्यांचे त्याचे घर कॅथीड्रलसमोर अजून उभे आहे.

मधाच्या रंगाच्या चुनखडकाची घरे आणि दगडी फरश्यांनी शाकारलेली उतरती छपरे टिकली, याचे श्रेय बरेचसे उपेक्षेला द्यावे लागते. हमरस्त्यांपासून दूर पडलेल्या या गावात जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा खेळलाच नाही. एकोणिसाव्या शतकात गाव मधोमध चिरणारा सरळ रस्ता तेवढा झाला. पुढे १९६२ च्या मालरो कायद्याखाली जपणूक झालेल्या पहिल्या गावांत सार्लाची गणना झाली.

बुधवारी व शनिवारी बाजार भरतो. शनिवारी सकाळी लवकर जावे. उन्हाळ्यात उशिरा गेल्यास गल्ल्यांतून पाऊल टाकणे कठीण. वापरातून गेलेल्या सेंट मेरी चर्चमध्ये आता बंदिस्त मंडई आहे. तिचे प्रचंड पोलादी दरवाजे झाँ नूव्हेल या वास्तुरचनाकाराचे. त्याचे बालपण याच गावात गेले.

येथील स्वयंपाकात लोण्यापेक्षा हंसाच्या व बदकाच्या चरबीला मान. मीठ लावलेली तंगडी त्याच चरबीत मंद आचेवर शिजवून तिच्यातच बुडवून ठेवतात, ती ‘काँफी’. शीतकपाटापूर्वीची ही हिवाळ्याची बेगमी. बटाट्याच्या चकत्या चरबीत खरपूस परतून वर लसूण व पार्सली घातली की ‘सार्लादेझ’ बटाटे तयार. ‘फ्वा ग्रा’ म्हणजे पक्ष्याला नळीने बळेबळे मका भरवून फुगवलेले यकृत. त्याची चव मोठी, पण कृती ऐकल्यावर घास घ्यायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. हिवाळ्यात काळे ट्रफल येतात. ओक वृक्षांच्या मुळांशी जमिनीखाली वाढणाऱ्या या बुरशीचा वास कुत्र्यांकडून काढवतात.

शाकाहारी प्रवाशाने बटाटे मागवण्याआधीही चौकशी करावी. त्याच्या वाट्याला अक्रोड, अक्रोडाचे तेल घातलेले सॅलड, शेळीच्या दुधाचे ‘काबेकू’ चीज आणि हंगामात स्ट्रॉबेरी येतात. जुन्या हंसबाजाराच्या चौकात आता हंस तीनच आहेत, तेही ब्राँझचे.