गुलाब भेटला, नारळ भेटला, पहिला हप्ता कधी?



परवा अमरावतीच्या एका कॉलेजात नव्या संशोधक विद्यार्थ्यांच्या स्वागताचा कार्यक्रम होता. बातमीसाठी गेलो होतो. पीएच.डी.ला नोंदणी झालेली पंधरा-वीस पोरंपोरी पहिल्या दोन रांगांत, आणि व्यासपीठावर जवळजवळ तेवढेच पाहुणे. प्रत्येकाला गुलाब, नारळ आणि एक फाईल. मग भाषणं. तुम्ही देशाचं भविष्य आहात, संशोधन म्हणजे तपश्चर्या आहे वगैरे. दोन तास झाले तेव्हा कुणीतरी विचारलं, "विद्यार्थ्यांपैकी कोणाला बोलायचं आहे का?" मागच्या खुर्चीवरचा एक पोट्टा उठला. चांदूरकडचा असावा. म्हणाला, "सर, गुलाब भेटला, नारळ भेटला, लय बरं वाटलं. पण फेलोशिपचा पहिला हप्ता कधी येते? रूमवाल्यानं दोन महिन्याचं भाडं अगोदर घेतलं हाय."

सगळे हसले. आभारप्रदर्शन उरकलं आणि पोहे आले. त्याला उत्तर काही भेटलं नाही.

एसटीनं मोझरीला परत येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. कारण हा प्रश्न आजचा नाही. शिकणाऱ्याला जेऊ कोण घालणार, कोणत्या अटीवर घालणार आणि कोणाला दारातूनच परत पाठवणार, हा आपल्याकडे दोनशे वर्षं चाललेला वाद आहे. त्यात आपल्या अकोल्याचाही एक धागा आहे, म्हणून आज जरा लांबीचं लिहितो. वेळ असेल तर वाचा.

'फेलो' या इंग्रजी शब्दाचा साधा अर्थ सोबती. विलायतेच्या जुन्या कॉलेजांत फेलो म्हणजे कॉलेजच्या घरातला माणूस. त्याची राहण्याची, जेवणाची सोय कॉलेजनं करायची, त्यानं अभ्यास करायचा आणि शिकवायचं. नवा फेलो आला की त्याला जेवणाच्या टेबलाशी जागा द्यायची, हेच त्याचं स्वागत. महाराष्ट्रात हा प्रकार आला तो मात्र एका फार देशी पैशातून. त्या पैशाचं नाव दक्षिणा.

तळेगावच्या दाभाड्यांनी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटायची प्रथा पाडली होती. १७३१ मध्ये डभोईच्या लढाईत दाभाडे पडले आणि पुढे ही प्रथा पेशव्यांनी पुण्यात चालवली. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात हजारो ब्राह्मण गोळा व्हायचे, एकेकाला बाहेर सोडताना हातावर पैसे ठेवले जायचे. विद्वानाला जास्त, बाकीच्यांना कमी. पेशवाई गेली, इंग्रज आले. एल्फिन्स्टननं ही दक्षिणा एकदम बंद केली नाही. माणूस हुशार होता, लोकांना दुखवायचं नव्हतं. वर्षाला ५० हजार रुपये ठरवले आणि त्यातलाच पैसा वळवून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. पुणे संस्कृत कॉलेज म्हणतात ते हेच. दार सुरुवातीला ब्राह्मण पोरांसाठीच उघडं होतं, हे सांगून ठेवतो.

पुढे याच पैशावरून खरा झगडा झाला. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की ही दक्षिणा मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्या. पुण्यात गहजब झाला. अर्ज करणाऱ्यांना मारहाण होईल अशी हवा होती. तेव्हा बावीस वर्षांचे जोतीराव फुले महार-मांग गडी सोबत घेऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यातून दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली, लेखकांना बक्षिसं द्यायला. आता गंमत पहा. १८५५ मध्ये त्याच जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून त्याच कमिटीकडे पाठवलं, आणि कमिटीनं ते नाकारलं. ज्याच्या जोरावर दार उघडलं, त्यालाच आत घेतलं नाही.

दक्षिणेच्या पैशातूनच मग 'दक्षिणा फेलो' तयार झाले. मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज आणि पुण्याचं कॉलेज (१८६४ पासून त्याचं नाव डेक्कन कॉलेज) इथे हुशार पोरांना महिन्याचे पैसे मिळू लागले. काम एवढंच, की आठवड्याचे काही तास खालच्या वर्गांना शिकवायचं, उरलेला वेळ स्वतःचा अभ्यास. महादेव गोविंद रानडे असे दक्षिणा फेलो होते. आधी महिना ६० रुपये, मग सीनियर फेलो झाल्यावर १२०. रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले चार बी.ए. बाहेर पडले, त्यात रानडे आणि भांडारकर दोघंही. श्रावणातल्या दानाच्या पैशावर पुढचे न्यायमूर्ती आणि पुढचा प्राच्यविद्यापंडित घडला. आपल्या इतिहासातला पैशाचा इतका चांगला उपयोग मला तरी दुसरा चटकन आठवत नाही.

पण पैसा देणारा हात आखडता घेऊ शकतो, हेही रानड्यांनी तिथेच पाहिलं. त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि इंग्रजी राज्याला कमी लेखलं. प्रिन्सिपल होते सर अलेक्झांडर ग्रँट. रानड्यांवर त्यांची माया होती, तरी त्यांनी सहा महिने शिष्यवृत्ती थांबवली. जे सरकार तुला शिकवतं त्यालाच नावं ठेवतोस, असा एकूण सूर. आजही एखाद्या पोरानं सोशल मीडियावर काही लिहिलं की "सरकारच्या पैशावर शिकता अन्..." हे ऐकू येतंच. हे वाक्य दीडशे वर्षांहून जुनं आहे एवढंच.

आणि पैसा सोडा, काहींना साधं दारही उघडलं गेलं नाही. कॉर्नेलिया सोराबजी हे नाव आपल्याकडे फार कुणाला माहीत नाही. जन्म नाशिकचा, १८६६ चा, शिक्षण पुण्यात. डेक्कन कॉलेजात शिकायला आलेली पहिली मुलगी. वर्गातली पोरं तिच्या तोंडावर दार लावायची. तिचं हेच ते स्वागत. ती पदवी परीक्षेत पहिल्या वर्गात आली. गुणांप्रमाणे विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती तिला मिळायला हवी होती, ती बाई असल्यामुळे नाकारली. मग ती अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात फेलो म्हणून गेली आणि तिथे मुलांच्या वर्गाला इंग्रजी शिकवू लागली. ज्यांच्या जातकुळीनं दार लावलं त्यांनाच शिकवायचं! शेवटी इंग्लंडमधल्या काही लोकांनी वर्गणी केली, १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल कॉलेजात पोचली आणि १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. विद्यापीठानं पदवी हातात दिली १९२२ मध्ये. तीस वर्षांनी. तेव्हा ऑक्सफर्डचं स्वागतही फार मोठं समजू नका.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येतो.

टेंभूचा एक गरीब पोरगा शिक्षणासाठी कराड, रत्नागिरी करत करत अकोल्याला आला. गोपाळ गणेश आगरकर. अकोल्याच्या हायस्कूलमध्ये विष्णु मोरेश्वर महाजनी शिक्षक होते, पुढे वऱ्हाडच्या शिक्षण खात्यात मोठ्या पदावर गेले. सांगतात की एकदा महाजनी रागावले, तुझ्यासारख्याच्या हातून काय होणार म्हणाले. पोरगं उलट बोललं, तुमच्यासारखा एम.ए. होईन तेव्हाच नावाचा आगरकर. पोटासाठी ते 'वऱ्हाड समाचार' मध्ये लिहीत होते. (आमच्या धंद्यातले आद्य पुरुष म्हणा ना. मानधन तेव्हाही बेताचंच असणार.) १८७५ मध्ये मॅट्रिक झाले. पुढं काय?

पुढं काहीच नव्हतं. पूर्ण वऱ्हाडात कॉलेज नाही. नागपुरातही नाही, तिथलं हिस्लॉप १८८३ चं आणि मॉरिस १८८५ चं. शिकायचं तर पुणे किंवा मुंबई. ज्या मास्तरांनी झापलं होतं त्यांनीच आणि शाळेतल्या सोबत्यांनी पैसे जमवून पोराला पुण्याला धाडलं. माझ्या लेखी नव्या विद्यार्थ्याचं वऱ्हाडानं केलेलं ते पहिलं खरं स्वागत. आणि तेही निरोपाचं!

डेक्कन कॉलेजात आगरकरांकडे एकच सदरा होता. रात्री धुवायचा, सकाळी तोच घालायचा. ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली आहे आणि ऐकून टाळ्या वाजवल्या आहेत. मला आता ती ऐकून टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत. बी.ए. झाल्यावर त्यांना दक्षिणा फेलोशिप मिळाली, तेव्हा कुठे जरा श्वास आला. त्याच काळात, १८७९ मध्ये, टिळकांशी मैत्री झाली. कॉलेजातल्या त्या रात्रीच्या बोलण्यांतून न्यू इंग्लिश स्कूल, 'केसरी' आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलं, ज्याचे आगरकर पुढे प्राचार्य झाले. वयाच्या ३९ व्या वर्षाच्या आत गेले. दमा होता. उपाशीपोटी काढलेल्या त्या वर्षांचा हिशोब कुणी मांडला नाही.

वऱ्हाडाला स्वतःचं कॉलेज मिळालं १९२३ मध्ये, अमरावतीचं किंग एडवर्ड कॉलेज. पुढे विदर्भ महाविद्यालय, आताची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था. आगरकर मॅट्रिक झाले त्याला तोवर ४८ वर्षं उलटली होती. कापसाचा पैसा या भागातून तेव्हाही भरपूर जात होता, कॉलेज मात्र यायला अर्धं शतक.

आणि नुसतं कॉलेज येऊन भागत नाही, हे ओळखलं पापळच्या पंजाबराव देशमुखांनी. शेतकऱ्याचं पोर. फर्ग्युसनला शिकले, मग विलायतेला गेले, आणि प्रबंध कशावर लिहिला तर वेदवाङ्मयातला धर्माचा उगम आणि विकास यावर. ज्या काळात कुणी वेद ऐकायचा आणि कुणी नाही यावर भांडणं होती, त्या काळात कुणब्याच्या घरातला माणूस वेदांवर संशोधन करून बॅरिस्टर होऊन परत आला. आल्यावर त्यांनी पहिल्यांदा जी कामं हाती घेतली त्यात एक होतं वसतिगृह. अमरावतीचं श्रद्धानंद छात्रालय, १९२७ च्या सुमाराचं. सगळ्या जातींची पोरं एका छताखाली, एका पंगतीत. शिवाजी शिक्षण संस्था त्यानंतरची, १९३२ ची. आधी राहायची-खायची सोय, मग संस्था. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. खेड्यातलं पोर शहरात येऊन पहिल्या रात्री कुठं झोपणार, हे ज्याला माहीत आहे त्यालाच हा क्रम सुचतो.

आणि आपल्या दोन विद्यापीठांची नावं बघा. अमरावतीचं १९८३ मध्ये झालं, ते संत गाडगेबाबांच्या नावाचं. नागपूरच्या विद्यापीठाला २००५ मध्ये आपल्या तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं. एकानं शाळेचं तोंड पाहिलं नाही, दुसऱ्यानं शाळा अर्धवट सोडली. पदव्यांवर आज यांची नावं छापली जातात. दोघांनीही आयुष्यभर आलेल्या माणसाला आधी पंगतीला बसवलं, मग कीर्तन-भजन ऐकवलं.

आता आजचं. यूजीसीची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार आहे. रक्कम वाईट नाही. पण ती सगळ्यांना नसते. राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिपवर आपल्याकडची बरीच पोरं अवलंबून असतात. २०२३ मध्ये बार्टीच्या ८६१ संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर आठवडेच्या आठवडे बसावं लागलं, कारण सरकार फक्त २०० जणांनाच द्यायचं म्हणत होतं. बसले म्हणून सर्वांना मिळाली. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात एका उपमुख्यमंत्र्यांनी पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असं विचारलं. नंतर दिलगिरीही व्यक्त केली. मला अकोल्याचे महाजनी मास्तर आठवले. तेही तसंच काहीसं बोलले होते. फरक इतकाच की त्यांनी नंतर खिशात हात घातला.

पैसे मंजूर झाले तरी हातात कधी पडतील ते वेगळंच. ओळखीतल्या एका पोरीचा हप्ता सहा महिने अडकला होता. बाप दुसऱ्याच्या वावरात सोंगणीला जाते. पोरीनं मेस सोडली, खोलीवर एक वेळ खिचडी शिजवायची. प्रबंधाचा विषय काय विचारलं तर म्हणाली, "ग्रामीण भागातील स्त्रियांचा आहार." हसावं की काय करावं कळेना.

मोझरीत दरवर्षी असे दोन-चार संशोधक येतात. पाठीवर बॅग, हातात ग्रामगीता, तिचे ४१ अध्याय आणि प्रत्येक अध्यायावर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. आश्रमात सायंप्रार्थनेला बसतात, जुन्या गुरुदेव सेवकांना भेटतात, मग रात्रीची एसटी पकडून अमरावतीला जातात, कारण इथं राहायचं कुठं हा प्रश्न.

त्या कार्यक्रमातल्या चांदूरकडच्या पोट्ट्याला मी नंतर गेटवर गाठलं, चहा पाजला. त्याचा विषय खंजिरी भजन आणि गावातले सेवा मंडळ. दिवाळीपर्यंत त्याला आणि त्याच्या एका मैत्रिणीला (ती वरखेडच्या बाजूनं काम करते आहे) महिनाभर मोझरीत थांबून माहिती गोळा करायची आहे. दोघांना वेगवेगळी सोय लागेल. साधी खोली चालेल, पंखा असला तर बरं. जेवणाचं आमच्या घरी पाहतो, घरच्यांशी बोलणं झालं आहे. हप्ता आला की भाडं देतील, नाही आला तर मी बघतो. कुणाकडे खोली रिकामी असेल तर कळवा जी. सोमवारी येऊन राहिले ते.