दहा मिनिटांची आग

१७ मार्च २०००, शुक्रवारची रात्र. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्कीत विजेच्या तारेवर वीज कोसळली. (मराठीत दोन्हींना एकच शब्द, काय करणार!) पुरवठ्याला झटका बसला आणि तिथल्या फिलिप्सच्या चिप कारखान्यात एका भट्टीने पेट घेतला. दहाएक मिनिटांत आग विझलीसुद्धा. जगाच्या दृष्टीने ही बातमीच नव्हती.

पण याच किरकोळ आगीने एरिक्सनचा मोबाईलचा धंदा खिळखिळा केला. कसा, ते बघण्यासारखं आहे.

चिप बनते सिलिकॉनच्या चकतीवर, थरावर थर चढवत. शेकडो पायऱ्या, कित्येक आठवडे. मध्येच धुळीचा एक कण बसला तरी तेवढी चिप बाद. म्हणून हे सगळं चालतं 'क्लीन रूम'मध्ये, जिच्यापुढे ऑपरेशन थिएटर म्हणजे आपली मंडई! आता अशा खोलीत धूर, फवाऱ्यांचं पाणी आणि वर पाहणीला आलेल्या अग्निशामक दलाचे बूट. प्रत्यक्ष जळाले चकत्यांचे आठ ट्रे. वाया गेला मात्र लाखो फोनांचा माल. आणि सर्व्हर रीस्टार्ट करावा तशी ही खोली रीस्टार्ट होत नाही राव.

कारखान्यातला सुमारे ४० टक्के माल दोनच गिऱ्हाइकं उचलायची, फिनलंडची नोकिया आणि स्वीडनची एरिक्सन. दोघींना निरोप तोच गेला: आठवडाभर उशीर होईल.

नोकियाच्या लोकांनी 'बरं' म्हटलं, पण तो माल खास देखरेखीच्या यादीत टाकला. आठवड्यातून एकदा व्हायची चौकशी रोज व्हायला लागली. दोनेक आठवड्यांत खरी गोष्ट बाहेर आली, की प्रश्न आठवड्यांचा नाही, महिन्यांचा आहे. मग पेर्टी कोरहोनेन यांची टीम कामाला लागली. काही सुटे भाग दुसरीकडून मिळण्यासारखे होते, पण काही फक्त फिलिप्सच बनवायची. नोकियाचे प्रमुख योर्मा ओलिला थेट फिलिप्सच्या बड्या साहेबांशी बोलले: तुमच्या बाकीच्या कारखान्यांत जिथे जागा असेल ती आम्हाला द्या. आइंडहोवन आणि शांघायमधून एक कोटीच्या आसपास चिप्स नोकियाने मिळवल्या.

एरिक्सनमध्ये तोच निरोप खालच्या पातळीवरच रेंगाळला. मोबाईल विभागाच्या प्रमुखाला कळलं एप्रिलमध्ये. तोवर शिल्लक क्षमता नोकियाने उचललेली! हा भाग मला सगळ्यात बोचतो. एकाची सावधगिरी ती दुसऱ्याची टंचाई, कारण मोकळे कारखाने मुळात मोजकेच.

आणि दुसरा पुरवठादार? खर्च वाचवायला एरिक्सनने नव्वदच्या दशकातच पुरवठादारांची यादी छाटली होती. या चिप्ससाठी उरली एकटी फिलिप्स. आपल्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. कागदावर तेव्हा ते शहाणपणाचंच दिसलं असणार; स्वस्त पडतं, करार सोपे होतात.

एरिक्सनची सुमारे ४० कोटी डॉलरची विक्री बुडाली. २००० सालचा मोबाईल विभागाचा तोटा १६ अब्ज क्रोनरच्या वर गेला. सगळं खापर आगीवर फोडणं बरोबर नाही, मॉडेल्स आणि मार्केटिंगही फसलं होतं. पण जानेवारी २००१ मध्ये एरिक्सनने फोन स्वतः बनवणं सोडलं आणि ऑक्टोबरमध्ये सोनीबरोबर घरोबा केला. कॉलेजच्या पोरांनी मिरवलेले ते सोनी एरिक्सन वॉकमन फोन या घरोब्यातलेच. (नोकियाचंही पुढे काय झालं ते आपण पाहिलंच. पण ते चिपअभावी नव्हे.)

नोकियाला निदान हाक मारायला आइंडहोवन होतं. पुढच्या वीस वर्षांत कारखाने इतके महाग झाले की बहुतेकांनी शर्यत सोडली. २०१९ मध्ये १० नॅनोमीटरपेक्षा बारीक लॉजिक चिप्सची ९२ टक्के क्षमता एकट्या तैवानात होती, आणि तैवान भूकंपाच्या पट्ट्यात. अल्बुकर्कीच्या आगीआधी सहाच महिने, २१ सप्टेंबर १९९९ ला, तिथे मोठा भूकंप होऊन शिन्चूचे चिप कारखाने बंद पडले होते. त्यात या बारीक चिप्स छापायला लागणारं ईयूव्ही मशीन जगात एकच कंपनी बनवते, एएसएमएल. १९८४ साली फिलिप्सच्याच भागीदारीतून निघालेली ही कंपनी आज व्हेल्डहोवनला आहे, आइंडहोवनच्या अगदी शेजारी.